धानाचे दोन हंगाम आणि नव्वद दिवस

विदर्भातील कोणतेही मराठी दैनिक उघडावे. आतल्या पानांवर 'ताबा सूचना' या मथळ्याखाली बारीक टाइपातील चौकटी हमखास आढळतात. ऋणकोचे नाव, जामीनदाराचे नाव, थकबाकीची रक्कम आणि घराची चतुःसीमा असा तो मजकूर असतो. पूर्वेस अमक्याचे घर, पश्चिमेस रस्ता, दक्षिणेस बोळ. घर घेताना खरेदीखतात जी चतुःसीमा अभिमानाने लिहिली गेली, तीच आता घर जाताना गावभर वाचली जाते. अशी सूचना दोन वृत्तपत्रांत, आणि त्यांपैकी एकात स्थानिक भाषेत, छापावी असा नियम आहे. त्या मालमत्तेचा व्यवहार कोणी अजाणतेपणी करू नये, एवढाच नियमाचा हेतू. प्रत्यक्षात मात्र त्या चौकटीने कुटुंबाची मान खाली जाते. आणि मान खाली गेलेला माणूस आपल्या हक्कांसाठी भांडायला उभा राहत नाही.

गोंदिया जिल्ह्यात या चौकटींमागची कहाणी बहुधा एकाच वळणाने जाते. घर उधळपट्टीसाठी तारण ठेवलेले नसते. कुडाच्या वा मातीच्या भिंती पाडून विटांच्या उभारलेल्या असतात, किंवा मुलांच्या शिक्षणासाठी गोंदिया, तिरोडा, आमगाव येथे दोन खोल्या घेतलेल्या असतात. पहिली काही वर्षे हप्ते नियमाने जातात. मग एखाद्या वर्षी तुडतुड्याने धान बसते, एखाद्या वर्षी कापणीच्या तोंडावर पाऊस येतो, किंवा घरात आजारपण निघते. दोन हप्ते थकतात. तिसरा थकला की बँकेच्या वहीत त्या घराची जात बदलते.

ही तिसऱ्या हप्त्याची रेषा कोणी आखली, हे मुळातून समजून घेतले पाहिजे. हप्ता वा व्याज नव्वद दिवसांहून अधिक काळ थकले की कर्ज 'अनुत्पादक' ठरते, असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. एकदा खाते अनुत्पादक झाले की एखादा हप्ता भरून ते पूर्वपदावर येत नाही. सारी थकबाकी भरावी लागते, असे रिझर्व्ह बँकेने २०२१ च्या नोव्हेंबरात स्पष्ट केले आहे. ज्याला महिन्याच्या एक तारखेला पगार मिळतो, त्याच्यासाठी नव्वद दिवस म्हणजे तीन पगार. गोंदियातील बहुसंख्य कुटुंबांचे उत्पन्न मात्र तारखेवर येत नाही, हंगामावर येते. जुलैत रोवणी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणी, मग मळणी, आधारभूत खरेदी केंद्रावरची रांग, आणि त्यानंतर चुकाऱ्यांची वाट पाहणे. इटियाडोह वा बाघ प्रकल्पाचे पाणी जेथे पोचते, तेथे उन्हाळी धानाचा दुसरा हंगाम. जेथे पोचत नाही, तेथे तोही नाही. मे महिन्यातील तेंदूपानांचे काम काही आठवड्यांचे. विडीचा रोज हातावर येतो आणि किराण्यात जातो. राइस मिलमधील हमाल आणि गावातला लहान दुकानदार यांची मिळकतही अखेर धानाच्याच आवकेवर चढते-उतरते. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत या अर्थव्यवस्थेत पैसा आत येत नाही, बाहेर जातो. म्हणजे दर वर्षी नव्वद दिवसांहून मोठा असा एक कोरडा काळ प्रत्येक घराच्या वाट्याला ठरलेलाच आहे. संकट न येताही हप्ता थकावा, अशीच ही मांडणी आहे.

आता याच शेतकऱ्याच्या दुसऱ्या कर्जाकडे पाहावे. त्याने धानासाठी अल्पमुदतीचे पीककर्ज घेतले असेल, तर ते थकल्यानंतर दोन पीकहंगाम उलटल्याखेरीज अनुत्पादक ठरत नाही. हाही रिझर्व्ह बँकेचाच दंडक. माणूस तोच, बँक तीच, पैसा येण्याचा मार्गही तोच. परंतु बियाण्यासाठी घेतलेल्या कर्जाला दोन हंगामांची मुदत, आणि छपरासाठी घेतलेल्या कर्जाला नव्वद दिवसांची. या विसंगतीची जाणीव रिझर्व्ह बँकेला नव्हती असेही नाही. इंदिरा आवास योजना आणि सुवर्णजयंती ग्रामीण गृहवित्त योजना यांखाली शेतकऱ्यांना दिलेल्या गृहकर्जांचे हप्ते पीकचक्राशी जोडावेत, अशी सूचना तिने बँकांना दिलेली होती. तत्त्व मान्य झाले. ते दोन योजनांच्या चौकटीपुरतेच राहिले. नंतर ग्रामीण भागात खाजगी गृहवित्त कंपन्या आल्या. त्यांनी शहरातील पगारदाराचे मासिक हप्त्याचे वेळापत्रक जसेच्या तसे धानपट्ट्यात आणले, आणि कर्जदाराने ते न वाचता सही केली. वाचले असते तरी दुसरा कागद त्याच्यापुढे ठेवला जाणारच नव्हता.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. बँकेतील पैसा ठेवीदारांचा असतो, त्यांतही पुष्कळसे सामान्यच असतात; हप्ते थकवण्याला मोकळीक दिली तर उद्या कर्ज कोण देईल? आक्षेप खोटा नाही. परंतु मागणी माफीची नाही, वेळापत्रकाची आहे. शिवाय ठेवीदाराच्या पैशाची ही काळजी सर्वांच्या बाबतीत सारखीच घेतली जाते काय, हे विचारण्याचा अधिकार लहान ऋणकोला आहे. २०१४-१५ ते २०२३-२४ या दहा वर्षांत बँकांनी सुमारे १६ लाख ३५ हजार कोटी रुपयांची अनुत्पादक कर्जे निर्लेखित केली, असे सरकारनेच २०२५ मध्ये संसदेत सांगितले. निर्लेखन म्हणजे माफी नव्हे, वसुलीचा हक्क कायम राहतो, हे खरे. पण बड्या कर्जाला मिळालेला वेळ, सल्लागार आणि तडजोडीचे टेबल यांतले काहीच देवरी वा सालेकसा तालुक्यातील कर्जदाराला मिळत नाही. २०२३ च्या जूनमध्ये रिझर्व्ह बँकेने बुडव्या कर्जांच्या तडजोडीची चौकट घालून दिली, आणि हेतुपुरस्सर कर्ज बुडवणाऱ्यांशीही बँकांना तडजोड करता येईल असे त्यात म्हटले. हेतुपुरस्सर बुडवणाऱ्याला जी खिडकी उघडी आहे, ती पावसाने बुडवलेल्याला बंद का असावी?

वेळापत्रक बदलणे अशक्य आहे, असे म्हणणाऱ्यांनी इतिहास चाळावा. १९२९ नंतरच्या महामंदीत धान्याचे भाव कोसळले आणि कर्जाचे आकडे तसेच राहिले. तेव्हा मध्यप्रांताच्या कायदेमंडळाने १९३३ मध्ये ऋण-समेट कायदा केला. आजचा गोंदिया जिल्हा त्या वेळच्या भंडारा जिल्ह्यात, आणि भंडारा त्याच मध्यप्रांतात होता. धनको आणि ऋणको यांना समोरासमोर बसवून देणे किती, फेड किती हप्त्यांत, हे ठरवणारी मंडळे त्या कायद्याने निर्माण केली. त्याच वर्षी अमेरिकेतील मिनेसोटा राज्याने गहाण घरांच्या सोडवणुकीची मुदत न्यायालयाने वाढवावी असा कायदा केला. त्या काळात घरमालकाने वाजवी भाड्याइतकी रक्कम भरत राहावी, एवढीच अट होती. कराराच्या पावित्र्याचा मुद्दा घेऊन धनको सर्वोच्च न्यायालयात गेले. १९३४ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी तो कायदा टिकला. भांडवलशाहीच्या माहेरघरी जे मान्य झाले, त्याला येथे कोणी क्रांतिकारक म्हणण्याचे कारण नाही. आणि इतके मागे जाण्याचीही गरज नाही. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली तेव्हा रिझर्व्ह बँकेने हप्त्यांना प्रथम तीन महिने आणि मग ३१ ऑगस्टपर्यंत स्थगितीची मुभा दिली. एका परिपत्रकाने साऱ्या देशाचे वेळापत्रक पुढे सरकले. बँका बुडाल्या नाहीत.

धोरण बदलेपर्यंत घरे मात्र जात राहतील. म्हणून कार्यकर्त्याने आज कोणाच्या दारी कोणती माहिती घेऊन जावे, हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. पहिली गोष्ट म्हणजे वेळ. घर वाचवण्याची लढाई लिलावाच्या दिवशी सुरू केली तर ती हरलेलीच असते. ती पहिल्या थकलेल्या हप्त्याला सुरू झाली पाहिजे. पहिले नव्वद दिवस हे ऋणकोच्या हाती असलेले सर्वांत मोलाचे भांडवल आहे, आणि लाजेपायी तो नेमके तेच घालवतो. बँकेचा फोन उचलत नाही, आलेले पत्र ट्रंकेत ठेवतो, बायकोलाही सांगत नाही. आणि सगळे निकरावर आले की सावकाराकडून शेकडा तीन-चार रुपये महिन्याने पैसा उचलून बँकेचा हप्ता भरतो. नऊ टक्क्यांचे कर्ज छत्तीस टक्क्यांच्या कर्जाने फेडण्याचा हा व्यवहार कोणत्याही घराला तारणारा नाही.

त्याऐवजी पहिल्या महिन्यातच शाखेत लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. अर्जात उत्पन्न का घटले, धानाचे चुकारे केव्हा अपेक्षित आहेत आणि तोवर दरमहा किती भरता येईल, हे आकड्यांनिशी लिहावे. मुदत वाढवणे, काही महिने केवळ व्याज घेणे, थकबाकी पुढील हप्त्यांत विभागणे, असे पुनर्रचनेचे मार्ग बँकेच्या हाती असतात. मात्र त्यांची किंमत समजून घ्यावी. दहा लाखांचे कर्ज नऊ टक्के दराने वीस वर्षांसाठी असेल, तर मासिक हप्ता सुमारे नऊ हजार रुपये येतो. मुदत पंचवीस वर्षे केली तर हप्ता आठ हजार चारशेच्या आसपास उतरतो, पण एकूण परतफेड साडेतीन लाखांहून अधिक वाढते. म्हणून मुदत वाढवून घ्यावी, आणि धानाचा पैसा हाती येताच त्यातील काही मुद्दलात भरावा. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीबद्दल दंड घेता येत नाही. व्याजदर वाढला तेव्हा हप्ता वाढवायचा की मुदत, हे निवडण्याचा हक्क ऋणकोला असावा, असेही रिझर्व्ह बँकेने २०२३ च्या ऑगस्टमध्ये बजावले आहे. त्याच महिन्यातील दुसऱ्या आदेशाप्रमाणे थकबाकीवरचा दंड व्याजात मिसळता येत नाही आणि दंडावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. खात्याचा उतारा मागवून हे तपासावे. घरातील कर्जदार वारला असेल, तर पहिला प्रश्न विम्याचा विचारावा. अनेक कर्जांसोबत विम्याची रक्कम सुरुवातीलाच कापलेली असते, आणि ती पॉलिसी कोठे आहे हे विधवेला ठाऊक नसते. वसुलीच्या माणसाने सकाळी आठपूर्वी वा सायंकाळी सातनंतर फोन करू नये, हाही नियम आहे. त्याचा भंग झाला तर बँकेकडे लेखी तक्रार करावी, आणि तीस दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य जाता येते.

नव्वद दिवस उलटले की २००२ चा सरफेसी कायदा लागू होतो. न्यायालयात दावा न लावता तारण मालमत्तेचा ताबा घेऊन ती विकण्याचा अधिकार या कायद्याने बँकांना दिला आहे. सहकारी बँकांनाही तो अधिकार असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातील मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात, स्पष्ट केले. दिवाणी न्यायालयाचा दरवाजा येथे बंद आहे. पण कायद्यात ऋणकोसाठी ज्या पायऱ्या ठेवल्या आहेत त्या प्रत्येकीला तारीख आहे. प्रथम साठ दिवसांची मागणी-नोटीस येते. तिला लेखी हरकत घ्यावी: आकडा चुकला आहे काय, भरलेली रक्कम वजा झाली आहे काय, जमीन शेतीची आहे काय. शेतजमिनीच्या तारणाला हा कायदा लागू नाही. मात्र केवळ सातबाऱ्यावरील नोंद पुरेशी नसते, प्रत्यक्ष वापर पाहिला जातो. हरकतीला पंधरा दिवसांत सकारण उत्तर देणे बँकेवर बंधनकारक आहे. मुद्दल आणि व्याज मिळून होणाऱ्या रकमेच्या वीस टक्क्यांहून कमी देणे उरले असेल, तरीही या कायद्याचा बडगा उगारता येत नाही. आयुष्यभर हप्ते भरून शेवटच्या काही वर्षांत अडखळलेल्या म्हाताऱ्या कर्जदाराला हे कलम कोणी सांगितलेलेच नसते.

साठ दिवसांनंतर बँकेने ताब्याची कारवाई केली, तर पंचेचाळीस दिवसांच्या आत नागपूरच्या कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो. पूर्वी त्यासाठी मागणीच्या पंचाहत्तर टक्के रक्कम आधी भरावी लागे. ती अट सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये, मार्डिया केमिकल्स प्रकरणात, रद्द केली. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँकेला जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे किंवा मुख्य न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. विक्रीपूर्वी मान्यताप्राप्त मूल्यमापकाकडून किंमत ठरवून घ्यावी लागते आणि ऋणकोला तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. यांपैकी एखादी पायरी गाळली गेली असेल, तर तीच न्यायाधिकरणापुढची बाजू ठरते. वकिलाची फी परवडत नाही म्हणून कोणी घरी बसू नये. स्त्रिया, अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती यांना उत्पन्न न पाहता, आणि इतर गरिबांना उत्पन्नमर्यादेत, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. दावा दाखल होण्यापूर्वीच लोकअदालतीत तडजोड करण्याचीही सोय आहे. तेथे न्यायालयीन शुल्क नाही.

सर्वांत कठोर तारीख मात्र लिलावाच्या जाहिरातीची आहे. पूर्वी विक्री पुरी होईपर्यंत पैसे भरून घर सोडवता येई. २०१६ च्या दुरुस्तीनंतर लिलावाची जाहिरात प्रसिद्ध होण्यापूर्वीच सारे देणे चुकते केले पाहिजे. जाहिरात निघाली की तो हक्क संपतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले. म्हणून घर टिकणारच नाही हे दिसू लागले, तर ते लिलावापर्यंत जाऊ देऊ नये. बँकेची लेखी संमती घेऊन स्वतः गिऱ्हाईक शोधावे. मागणी-नोटीस आल्यानंतर संमतीवाचून विक्री करता येत नाही, हे ध्यानात ठेवावे. घरमालकाने शोधलेल्या गिऱ्हाइकाकडून येणारी किंमत आणि लिलावातील किंमत यांत पुष्कळ अंतर असते, आणि त्या अंतरातच कुटुंबाची पुढील दोन-चार वर्षे असतात. लिलाव झालाच, तर देणे वजा जाता उरलेली रक्कम मालकाची आहे; ती मागून घ्यावी.

पतसंस्थेचे कर्ज असेल तर वाट वेगळी. तिला सरफेसी कायदा वापरता येत नाही. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुली दाखला घेऊन ती जप्तीवर येते. येथे निर्णायक क्षण सुनावणीचा. त्या दिवशी ऋणको गैरहजर राहिला, तर नंतरच्या फेरतपासणी अर्जासाठी दाखल्यातील निम्मी रक्कम आधी भरावी लागते. आणि सावकाराने कर्जाच्या बदल्यात घराचे खरेदीखत करून घेतले असेल, तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी नियमन कायद्याखाली जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. व्यवहार सावकारीचा होता असे सिद्ध झाले तर ती मालमत्ता परत देववण्याचा अधिकार त्यांना आहे.

एवढे सारे हक्क कायद्यात असूनही घरे जातात, कारण प्रत्येक हक्काची तारीख धनकोच्या वहीत आहे आणि ऋणकोच्या घरी नाही. ती वही त्याच्या घरी नेऊन ठेवणे हे संघटनेचे काम आहे. प्रत्येक तालुक्याच्या गावी आठवड्यातून एक दिवस, बाजाराच्या दिवशी, एक टेबल मांडावे. नोटीस आली की ती कोणत्या तारखेची, उत्तर केव्हापर्यंत, न्यायाधिकरणाची मुदत कधी संपते, हे एका कागदावर लिहून द्यावे. शाखेत अर्ज द्यायला त्या माणसासोबत दोघांनी जावे. एकटा गेलेला कर्जदार 'साहेब' म्हणत परत येतो. तिघे गेले की पोच मिळते.

आणि मागणी तीन ओळींची असावी. ग्रामीण भागातील सर्व गृहकर्जांचे हप्ते, बँकेचे असोत वा कंपनीचे, पीकचक्राशी जोडावेत. शेतीवर अवलंबून असलेल्या कुटुंबाच्या राहत्या घराचे कर्ज पीककर्जाप्रमाणेच दोन हंगाम उलटल्याखेरीज अनुत्पादक ठरवू नये. राहत्या घराचा ताबा घेण्यापूर्वी जिल्हा पातळीवरील समेट मंडळापुढे सुनावणी सक्तीची करावी. १९३३ मध्ये परकी राजवटीखालील प्रांताने जे केले, ते स्वतंत्र देशाच्या सरकारला अवघड नाही. धान पिकायला जितका काळ लागतो तितका लागतोच. कायद्याने त्याच्याकडे पाहून आपली तारीख ठरवावी.